हुकमाचं पान कोणाच्या हाती? दोन हंगामांमधल्या काळातले निर्णय

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय खेळाचा आहे, पण आज आपण एकाही सामन्याचं धावतं वर्णन करणार नाही. आपण बोलणार आहोत ते सामने नसतात तेव्हाच्या काळाबद्दल. हंगाम संपतो, मैदानावरचे दिवे विझतात, प्रेक्षक आपापल्या कामाला लागतात. आणि तेव्हाच कुठल्यातरी बंद खोलीत चार-पाच माणसं एक यादी समोर घेऊन बसतात. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पुढच्या वर्षी संघ कोणाच्या भरवशावर उभा करायचा. आपल्याला सामना दिसतो, ही बैठक दिसत नाही. पण अर्धा सामना तिथंच खेळून झालेला असतो.

पुण्यात बसून या विषयावर बोलायला आपल्याकडे दोन चांगली उदाहरणं आहेत. एक गहुंज्याचं आणि एक बालेवाडीचं. २०१७ साली पुण्याच्या आयपीएल संघानं महेंद्रसिंह धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडे दिलं, हे पहिलं. आणि पुणेरी पलटणनं कबड्डीत गेल्या काही वर्षांत मोठे खेळाडू आणले, सोडले, पुन्हा आणले, हे दुसरं. पण त्याआधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. कारण या प्रश्नाचा तिथं अक्षरशः कीस पाडलेला आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथं अंडाकृती चेंडू हातात धरून पळतात, फेकतात. अकरा जणांचा संघ असतो. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. आता गंमत अशी, की जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी एकाच माणसाच्या हातात येतो. तो क्वार्टरबॅक. पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं: लांब फेकू, शेजारच्याच्या हातात देऊ, की स्वतः पळू. समोरून सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असतात, हे वेगळंच.

क्रिकेटमध्ये कर्णधार बाद झाला तर दुसरा फलंदाज येतो. कबड्डीत एक चढाईपटू बाहेर गेला तर दुसरा चढाईला जातो. पण तिथं हुकमाचं पान एकच. आपण मेंढीकोट खेळतो ना, तसं समजा: सगळ्या डावात एकच हुकूम आणि तो एकाच हातात.

एनएफएल या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोल नावाच्या अंतिम सामन्यानं संपतो. मग मार्चमध्ये करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. एप्रिलमध्ये महाविद्यालयांतल्या तरुण खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात मागच्या वर्षी जो संघ सगळ्यात खाली, त्याला पहिली निवड. आणि या सगळ्यावर १९९४ पासून एक झाकण आहे: एका संघानं पगारावर एकूण किती खर्च करायचा याची मर्यादा. २०२४ साली ती साडेपंचवीस कोटी डॉलरच्या आसपास होती. या पैशात ५३ जणांचा ताफा उभा करायचा. एकट्या क्वार्टरबॅकनं पाचवा हिस्सा नेला की उरलेल्या बावन्न जणांचं काय, हा हिशेब लगेच सुरू होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो. तिथं अंथरूण नियमानंच बेतून दिलंय.

चार प्रश्न

या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी चार प्रश्न असतात. ते आत्ताच नोंदवून ठेवू, म्हणजे पुढची उदाहरणं सोपी जातील.

पहिला, हे काम वाटून देता येतं का? की ते एकाच माणसानं करायचं आहे?

दुसरा, या माणसावर पैसे घातल्यावर बाकीच्यांसाठी काय उरतं?

तिसरा, आपल्या हातात वेळ किती आहे? एक वर्ष, दोन वर्षं, की दहा?

आणि चौथा, हाच माणूस उद्या जायबंदी झाला तर आपल्याकडे दुसरं कोण आहे?

यात एक प्रश्न आम्ही मुद्दाम घातलेला नाही. तो म्हणजे "हा खेळाडू किती मोठा आहे?" कारण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि बहुतेक चुका तेवढ्याच उत्तरावर थांबल्यामुळे होतात.

म्हातारा सिंह की तरुण वाघ

२०११ ची गोष्ट. इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग. त्या शहरासाठी तो जवळजवळ दैवत. त्या वर्षी मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो एकही सामना खेळला नाही. संघ १६ पैकी फक्त २ सामने जिंकला. म्हणजे आपल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पण तळाला गेल्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांना मिळाली, आणि त्या वर्षी अँड्र्यू लक नावाचा असा तरुण उपलब्ध होता की सगळ्या देशाचे डोळे त्याच्यावर होते.

मार्च २०१२ मध्ये मॅनिंगला २ कोटी ८० लाख डॉलरची रक्कम देय होणार होती. माणूस ३५ वर्षांचा, मान कितपत बरी झाली हे कोणीच खात्रीनं सांगू शकत नव्हतं. कोल्ट्सनी त्याला सोडलं आणि लकला घेतलं.

पुढं काय झालं? मॅनिंग डेन्व्हरला गेला, २०१३ च्या हंगामात लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकून निवृत्त झाला. लकही उत्तम खेळला, पहिल्याच वर्षी त्यानं संघाला ११ सामने जिंकून दिले. पण दुखापतींनी बेजार होऊन ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, त्यानं खेळ सोडला. म्हाताऱ्यानं करंडक उचलला आणि तरुण लवकर थांबला.

आता सांगा, निर्णय चुकला का? निकाल बघितला तर चुकला असं वाटतं. पण मार्च २०१२ मध्ये त्या खोलीत बसलेल्यांसमोर काय होतं? दुखरी मान, मोठी रक्कम, आणि वर्षानुवर्षं न मिळणारी निवड. त्या माहितीवर बहुतेक शहाण्या माणसांनी हेच केलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दुसरा एक संघ, ग्रीन बे पॅकर्स. त्यांनी २००५ मध्ये, हाताशी ब्रेट फार्व्हसारखा दिग्गज असताना, ॲरन रॉजर्स नावाचा मुलगा घेतला आणि चक्क तीन हंगाम बाकावर बसवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. २००८ च्या मार्चमध्ये फार्व्हनं निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळ्यात त्याचं मन बदललं. तोवर संघाचं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं. लोक चिडले. रॉजर्सनं तीन हंगामांत सुपर बोल आणून दिला. इथं मूठ उघडली तेव्हा आत खरंच काहीतरी होतं. प्रत्येक वेळी असतंच असं नाही.

पुण्याचा प्रश्न, फेब्रुवारी २०१७

आता घरी येऊ.

२०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थान या आयपीएल संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. त्यांच्या जागी दोन वर्षांपुरते दोन संघ आले, पुणे आणि राजकोट. बोली उलटी लागली होती. मंडळाकडून पैसे घ्यायचे सोडून पुण्याच्या मालकांनी वर्षाला १६ कोटी मंडळालाच देऊ केले. डिसेंबर २०१५ मध्ये खेळाडूंची निवड झाली, पहिला हक्क पुण्याचा, आणि त्यांनी अर्थातच धोनीला घेतलं, साडेबारा कोटींना. मग रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डू प्लेसी, याच क्रमानं.

कागदावर संघ दृष्ट लागण्यासारखा. आणि दृष्ट लागलीच. २०१६ मध्ये पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श एकामागून एक जायबंदी होऊन परत गेले. त्यात दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याचं घरचं मैदान झालं विशाखापट्टणम. (हशा) १४ पैकी ५ विजय. आठ संघांत सातवा क्रमांक.

आता आपण त्या बैठकीत बसलो आहोत असं समजू. जानेवारी २०१७ मध्ये धोनीनं भारताच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी संघांचं कर्णधारपद सोडलं आहे. त्याचं वय ३५. स्मिथ २७ वर्षांचा, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार. १९ फेब्रुवारीला, म्हणजे लिलावाच्या आदल्या दिवशी, संघानं जाहीर केलं की आता कर्णधार स्मिथ. आधीचा हंगाम वाईट गेला आणि नेतृत्व तरुण माणसाकडे द्यायचं आहे, असं कारण मालकांनी दिलं. धोनीनं स्वतः पद सोडलं नव्हतं.

गहजब झाला. ज्या माणसानं दोन विश्वचषक आणि दोन आयपीएल करंडक उचलले, त्याला बाजूला करायचं म्हणजे काय? कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू यायचं: गरज सरो, वैद्य मरो.

पण आपले चार प्रश्न लावून बघू. पहिला, काम वाटून देता येतं का? हो, आणि हाच कळीचा मुद्दा आहे. पॅकर्सना फार्व्ह आणि रॉजर्स एकाच वेळी खेळवता येत नव्हते, कारण चेंडू एकाच्याच हातात येतो. क्रिकेटमध्ये कर्णधारपद काढलं म्हणजे खेळाडू काढला असं नाही. धोनी यष्टीमागे होताच. क्षेत्ररक्षणाचा कोन त्याला दिसतच होता. पुण्यानं एका माणसाचं काम दोघांत वाटलं. तिसरा प्रश्न, वेळ किती? फक्त एक हंगाम. संघाचं आयुष्यच दोन वर्षांचं आणि त्यातलं एक गेलेलं. त्यामुळे "भविष्यासाठी तरुण कर्णधार" हे कारण इथं तितकं पटत नाही. भविष्य होतंच कुठं? खरं कारण असणार ते एवढंच, की आहे त्या वर्षात काहीतरी हलवायला हवं.

दुसरा प्रश्न पैशाचा. दुसऱ्या दिवशी, २० फेब्रुवारीला, पुण्यानं बेन स्टोक्सला १४ कोटी ५० लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. आपण सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. त्याच लिलावात जयदेव उनाडकट ३० लाखांना आणि आपल्या पुण्याचा राहुल त्रिपाठी १० लाखांना संघात आले, तिकडे फारसं कोणी बघितलं नाही.

योगायोग असा, की लगेच २३ फेब्रुवारीपासून गहुंज्याला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी होती. फिरकीच्या आखाड्यावर स्मिथनं दुसऱ्या डावात १०९ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी जिंकली. पुण्याच्या नव्या कर्णधारानं पुण्यातच भारताला हरवलं. आनंद व्हावा की दुःख, हे कळेना! (हशा)

हंगाम सुरू झाला. पहिल्या चारपैकी तीन सामने गेले. टीकाकारांना चेव आला. मग गाडी रुळावर आली. स्टोक्सनं १ मे रोजी गुजरातविरुद्ध गहुंज्याला नाबाद १०३ केल्या. त्रिपाठीनं ३९१ धावा काढल्या. उनाडकटनं १२ सामन्यांत २४ बळी घेतले. धोनीनं हैदराबादविरुद्ध ३४ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि मुंबईविरुद्धच्या क्वालिफायरमध्ये २६ चेंडूंत नाबाद ४०. साखळीत ९ विजय, दुसरा क्रमांक. अंतिम फेरी, २१ मे, हैदराबाद.

मुंबई ८ बाद १२९. पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. ५१ वर असलेला स्मिथ त्याच षटकात बाद झाला. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, दोन मिळाल्या, तिसरी घेताना धावबाद. पुणे ६ बाद १२८. एका धावेनं हार. स्टोक्स राष्ट्रीय संघासाठी आधीच इंग्लंडला परतला होता. त्यानंतर तो संघच उरला नाही, मुदत संपली.

आता हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. तो शेवटचा फटका दोन हात पलीकडे पडून सीमेपार गेला असता, तर आपण म्हणालो असतो, "काय धाडसी निर्णय!" दोन हात अलीकडे पडला म्हणून, "धोनी कर्णधार असता तर..." फेब्रुवारीतला निर्णय मात्र तोच आहे. मेमधल्या एका धावेनं तो शहाणपणाचा किंवा वेडेपणाचा होत नाही. सातव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येणं हा त्याच्या बाजूचा पुरावा आहे, पण त्यातही दहा लाखांच्या त्रिपाठीचा आणि तीस लाखांच्या उनाडकटचा वाटा किती आणि कर्णधार बदलण्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

बालेवाडीचा धडा

पुण्याचा दुसरा संघ, पुणेरी पलटण. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा. इथंही पैशाला झाकण आहे. नवव्या हंगामात एका संघासाठी ४ कोटी ४० लाख, दहाव्यापासून ५ कोटी.

कबड्डीतला क्वार्टरबॅक कोण? पटकन आपण म्हणू, मुख्य चढाईपटू. तीस सेकंद, एकटा माणूस, समोर सात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी "करो या मरो". ती कोण करणार, हे सगळ्या मैदानाला माहीत असतं. म्हणून लिलावात सगळ्यात मोठ्या बोल्या बहुधा चढाईपटूंवर लागतात.

दोन उदाहरणं बघा. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं, म्हणजे निम्म्याहून जास्त थैली एका माणसावर. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. पण नरेंदर नावाच्या नवोदित चढाईपटूनं दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीत गेला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या बाकावरच बसलेलं होतं. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनी पवनला घेतलं, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. पवन खेळला, संघात सर्वाधिक गुणही त्याचेच. पण टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले. म्हणजे दोष खेळाडूचा नव्हे. उरलेल्या पैशात उरलेला संघ झाला नाही. आधी कळस, मग पाया.

पलटणनं काय केलं? त्यांनी मोठा पैसा घातला तो बचावावर. २०२२ मध्ये इराणचा फजल अत्राचली, डावा कोपरारक्षक, १ कोटी ३८ लाखांना. तो कर्णधार झाला, संघ अंतिम फेरीत गेला आणि मुंबईत जयपूरकडून ३३-२९ असा हरला. अंतिम फेरी गाठणारा कर्णधार म्हणजे पुढच्या वर्षी हमखास कायम, असं आपण म्हणू. त्यांनी सोडलं. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात फजलसाठी गुजरातनं १ कोटी ६० लाख मोजले. पलटणनं त्याच जागेसाठी दुसरा इराणी घेतला, मोहम्मदरेझा शादलू, वयानं कितीतरी लहान, २ कोटी ३५ लाखांना. थैलीच्या ४७ टक्के!

हा जुगार परवडला कसा? कारण चढाईची बाजू घरची होती. अहिल्यानगर जिल्ह्यातला (तेव्हाचं अहमदनगर) अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. यांतले बरेच जण नवोदित गटातून, लिलावाच्या मानानं कमी मानधनावर संघात आलेले आणि तिथंच घडवलेले. बी. सी. रमेश हे प्रशिक्षक. कर्णधार अस्लम. चढाई चार-पाच जणांत वाटलेली, त्यामुळे एकाला अडवून पलटणला अडवता येत नव्हतं.

आणि इथंच अमेरिकेशी धागा जुळतो. तिथंही ड्राफ्टमधून आलेला तरुण क्वार्टरबॅक पहिली चार वर्षं ठरावीक, तुलनेनं कमी पगारावर खेळतो. तेवढ्या काळात उरलेला पैसा बचावावर घालून संघ मजबूत करायचा, ही तिथली मान्य झालेली रीत आहे. सिॲटलनं रसेल विल्सनला तिसऱ्या फेरीत घेऊन फेब्रुवारी २०१४ मध्ये सुपर बोल जिंकला तो असाच. पलटणनं अमेरिकेकडे बघून हे केलं असं आमचं म्हणणं नाही. झाकण सारखं असलं की माणसं सारख्याच वाटा शोधतात.

निकाल? दहाव्या हंगामात २२ पैकी १७ विजय, फक्त २ पराभव, ९६ गुण. शादलूच्या पकडीचे ९९ गुण, स्पर्धेत सर्वाधिक. अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणचं पहिलं विजेतेपद.

मग पुढचा मोकळा काळ आला. संघानं शादलूला पुन्हा लिलावात जाऊ दिलं. हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं. पलटणनं तरुण चढाईपटू राखले. हंगामाच्या मध्यात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर, आणि संघ आठवा. आणि २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना कुठं झाला? बालेवाडीत. कोण जिंकलं? हरियाणा, पाटण्याला ३२-२३ असं हरवून. करंडक उचलणाऱ्यांत शादलू. पुणेकरांनी आपल्याच घरात हे पाहिलं.

पुढच्या वर्षी अस्लम परतला. अजय ठाकूर प्रशिक्षक, संघ बहुतांशी तोच तरुण. २०२५ च्या बाराव्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत. दिल्लीकडून ३१-२८ अशी हार, आणि त्या दिल्लीच्या संघात होता फजल अत्राचली. सोडलेली माणसं अशी वाटेवर पुन्हा भेटतात.

मग निर्णय तपासायचा कसा?

चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या आणि एक विजेतेपद. मधलं एक वर्ष कोरडं. एकेक निर्णय सुटा घेतला तर त्यात चूक काढता येईल. सलग पाहिलं तर एक धोरण दिसतं: वाटून देता येईल ते वाटा, घरचे राखा, आणि मोठा पैसा एका जागी घातलात तर तो दर वर्षी नव्यानं मोजा. हे धोरण दर वर्षी जिंकून देत नाही. पण एखाद्या वाईट वर्षानं मोडूनही पडत नाही.

यात माणसांचं काय होतं, हेही बोललं पाहिजे. आपण "सोडलं", "घेतलं" असं सहज म्हणतो. कबड्डीपटूची उमेदीची वर्षं मोजकी. रेल्वे, पोलीस अशा खात्यांतली नोकरी असली तर ठीक, नसली तर लिलावातला एक दिवस घराचा वर्षभराचा हिशेब ठरवतो. थैलीत ४७ टक्के एकाला गेले की कोणातरी दुसऱ्याचे कमी होतात, आणि त्या दुसऱ्याचं नाव आपल्याला माहीतही नसतं. म्हणून निर्णय नीट घेणं ही फक्त मालकाच्या फायद्याची बाब नाही.

प्रेक्षक म्हणून आपल्याला एक गोष्ट करता येईल. पुढच्या वेळी राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर होईल, तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी एका कागदावर ते चार प्रश्न लिहा आणि आपली उत्तरंही लिहा. तारीख घाला. हंगाम संपल्यावर तो कागद काढा. "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं म्हणणारे पुण्यात कमी नाहीत. (हशा) कागद असला की खरंच काय म्हणालो होतो ते कळतं. मुलाची शाखा निवडताना, दुकानात भागीदार घेताना, संस्थेचा कार्यवाह बदलतानाही हाच कागद उपयोगी पडेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: तुम्ही म्हणता निकालावरून निर्णय जोखू नका. मग प्रशिक्षकाला कधीच जबाबदार धरायचं नाही का?

उत्तर: धरायचं, पण एका सामन्यावरून नाही. चार-पाच वर्षांचे निर्णय एकत्र मांडले की नशिबाचा भाग बराचसा गळून पडतो. एका धावेनं हरणं हे नशीब असू शकतं. पाच वर्षं सलग बाकावर पर्यायी खेळाडूच नसणं, हे नशीब नाही.

प्रश्न: धोनीच्या बाबतीत निदान पद्धत तरी चुकली असं नाही वाटत?

उत्तर: निर्णय काय आणि तो कसा कळवला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते वेगळे केलेत हे बरं झालं. बंद खोलीत नेमकं काय बोलणं झालं, त्यावर आपण निवाडा देऊ शकत नाही. एवढं मात्र दिसतं, की धोनी पुढचा पूर्ण हंगाम मन लावून खेळला आणि मुंबईविरुद्धचा क्वालिफायर त्याच्या त्या चाळीस धावांशिवाय कठीण होता. पद गेलेला माणूस असा खेळतो तेव्हा त्याचं श्रेय आधी त्यालाच द्यायला हवं. ज्येष्ठ माणसाला बाजूला करताना तो संघात राहील आणि मनानंही राहील, एवढी जागा ठेवणं ही मात्र ठरवणाऱ्यांची जबाबदारी. कोल्ट्सना ती सोय नव्हती. पुण्याला होती.

वेळ झाली आहे.